धूर दिसला नाही

बाबा, तुमच्या शोकसभेत सगळे खोटं बोलले. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी तर कमालच केली. "शत्रूच्या गोटात शिरून बॉम्ब टाकणारा शूरवीर आपल्यातून गेला," असं ते म्हणाले आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "अहो, मी आयुष्यात एकही बॉम्ब शत्रूवर टाकलेला नाही. मास्तर होतो मी, मास्तर." मला उठून सांगायचं होतं की हे गृहस्थ विमानाच्या नाकात कॅडेट पोरांशेजारी पालथे पडून त्यांना बॉम्ब टाकायला शिकवत. आणि ते बॉम्बही नुसते धूर करणारे, वाळूत आखलेल्या गोलावर टाकायचे. पण मी पडले सून. अशा दिवशी सुनेनं चहाचे कप मोजायचे असतात. मी कप मोजले.

तेराव्याला गुरुजी बर दुबईहून लंच ब्रेकमध्ये आले. एरवी ते एका शिपिंग कंपनीत नोकरी करतात, त्यामुळे सारखं घड्याळाकडे लक्ष. मंत्र आटोपल्यावर ते घाईनं, ऑफिसातल्या अरबीत, "यल्ला, आता नैवेद्य" म्हणाले आणि मिलिंदला आणि मला एकाच वेळी हसू फुटलं. तुमचा मुलगा बाप गेल्यापासून पहिल्यांदा हसला तो असा. आम्ही दोघांनी सवयीनं तुमच्या खुर्चीकडे बघितलं.

बाबा, मी तुमच्याशी एक खोटं बोलले होते. दोन वर्षं ते पोटात ठेवलं. आज ना उद्या सांगू, म्हणत राहिले आणि तुम्ही निघून गेलात. ते तुम्हाला ठाऊक होतं, हे मला तेराव्याच्या दिवशी कळलं. पण क्रमानं सांगते, कारण मधूनच रिपोर्ट सुरू करणारी माणसं तुम्हाला मुळीच खपत नसत.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या दुबईतल्या, सिलिकॉन ओएसिसच्या घरी राहायला आलात तेव्हा ईशा सहा वर्षांची होती. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर. "आजोबांना नमस्कार कर" म्हटलं तर "हाय आजोबा" म्हणून मोकळी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र टाचा जुळवून तिला सॅल्यूट ठोकलात. तिसऱ्या दिवशी मी कामावरून येऊन बघते तर पोरगी जेवणाच्या टेबलावर पालथी, मान कडेबाहेर, हातात राजमा. खाली तुम्ही माझी नवीकोरी चादर जमिनीवरून हळूहळू ओढताय. चादरीवर मार्कर पेननं रस्ते, नदी, रेल्वेचे रूळ काढलेले आणि मधोमध एक स्टीलची वाटी. "लेफ्ट-लेफ्ट," ईशा ओरडत होती, "राईट... स्टेडी... स्टेडी..." आणि टण्ण! "आजोबा, आय हिट द वाटी!"

मी चादरीवरून आकाशपाताळ एक केलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "सूनबाई, चादर धुता येते. नजर मात्र लहानपणीच बसवावी लागते." ते मार्करचे डाग काही गेले नाहीत, बाबा. तुमच्यासारख्या माणसाला मार्कर धुतल्यानं जात नाही हे माहीत नसावं?

मग जेवताना तुम्ही समजावून सांगितलंत. तुमच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये अशीच एक उंच खोली होती. वर फळी, फळीवर कॅडेट पालथा, खाली सरकणारा नकाशा. पोरं आधी महिनाभर त्या फळीवर काढायची, मग विमानात. विमानाच्या नाकात पडलेल्या मुलाला खालचं सगळं दिसतं, पण विमान त्याच्या हातात नसतं. ते वैमानिकाच्या हातात, आणि वैमानिकाला खालचं दिसत नाही. म्हणून याने नुसत्या आवाजावर त्याला न्यायचं. डावीकडे म्हणजे "लेफ्ट-लेफ्ट", दोनदा. उजवीकडे म्हणजे "राईट", एकदाच. इंजिनाच्या घरघरीत शब्द अर्धा पोचला तरी किती वेळा म्हटलं ते कळतं. आणि सगळं जुळलं की "स्टेडी" म्हणून श्वास रोखायचा. "तो शेवटचा श्वास सगळ्यात अवघड," तुम्ही म्हणालात. "तिथे पोरांचा धीर सुटतो."

मी चमकलेच. कारण मी अल क्वोजमधल्या ज्या ट्रेनिंग कंपनीत काम करत होते तिथे दुसरं काय चालायचं? शिकले सिव्हिल इंजिनियरिंग, पण करत होते मास्तरकीच. क्रेनला माल बांधणारी आणि खालून वॉकी-टॉकीवर क्रेनवाल्याला इशारे देणारी जी माणसं असतात, ज्यांना इथे रिगर म्हणतात, त्यांना मी शिकवत होते. क्रेनवाला वर काचेच्या खोलीत, त्याला माल नीट दिसत नाही. खालच्याला दिसतो, पण दांडा त्याच्या हातात नाही. तुम्ही लगेच म्हणालात, "उद्या मला घेऊन चल."

आलात तेही कडक इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून. अल क्वोजच्या धुळीत ते बूट दहा मिनिटं टिकले. आमच्या यार्डात तासभर उभे राहून तुम्ही नुसतं ऐकलंत. मग मला बाजूला घेऊन म्हणालात, "मेधा, तुझी माणसं बाएं म्हणतात आणि दाएं म्हणतात. दोन्ही वॉकी-टॉकीवर सारखंच. डावीकडे दोनदा म्हणायला लाव." दुसऱ्या दिवसापासून यार्डात "बाएं-बाएं" सुरू झालं. माणसं तुम्हाला फौजी बाबूजी म्हणायला लागली. घरी तुम्ही मला न विचारता माझ्या नोट्स तपासायला लागलात आणि मी तुमच्यावर डाफरायला लागले. आपलं छान जमलं.

आणि मग ती मंदी आली. ईशा बाल्कनीतून क्रेन मोजायची. क्रेन तेवढ्याच होत्या, पण हलेनाशा झाल्या. मिलिंदची कंपनी जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात बसून अजून न बांधलेल्या इमारतींमधले फ्लॅट विकायची. एका गुरुवारी तो एका खोक्यात कॉफीचा मग आणि ईशाचा फोटो घेऊन दुपारीच घरी आला. महिन्याच्या आत त्याचा आणि ईशाचा व्हिसा माझ्या नोकरीवर आणावा लागला. इंजिनियर होते म्हणून तेवढं तरी जमलं. तुम्ही व्हिजिटवर येऊन-जाऊन होतात. म्हणजे माझी नोकरी गेली की सगळ्यांनी बॅगा भरायच्या आणि ईशाला शाळेतून काढायची. मिलिंद दिवसभर गादीवर लॅपटॉप घेऊन बसायचा आणि आपण दोघं त्याच्यासमोर उगाच हसून बोलायचो.

त्यातच आमच्या मॅनेजरांनी पाच दिवसांचा कोर्स दोन दिवसांवर आणला. "मार्केट देखो मैडम," ते म्हणाले. "पाँच दिन के लिए कोई आदमी नहीं छोड़ता. टू डेज, खलास." सर्टिफिकेटवर मात्र पाच दिवस छापलेले होते, ते तसेच राहणार. खाली सही माझी. दुष्काळात तेरावा महिना. मी घरी येऊन जेवताना हे सांगितलं. मला वाटलं तुम्ही मॅनेजरला शिव्या द्याल. तुम्ही आमटीची वाटी खाली ठेवलीत आणि हात धुवायला उठलात.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. पोहे खाता खाता तुम्ही भार्गवची गोष्ट सांगितलीत. मिलिंद चाळिशीला आलेला तुमचा मुलगा, पण त्यानंही ती कधी ऐकली नव्हती.

लढाईचं वर्ष होतं. कोर्स निम्म्यावर आला होता. कॅडेट भार्गव उंच, हसरा, पत्ते पिसताना निम्मे खाली पाडणारा. बाकी सगळं यायचं, पण तो शेवटचा श्वास त्याला सोसायचा नाही. बॉम्ब अर्धा सेकंद आधी सोडायचा. रेंजवर प्रत्येक बॉम्बचा धूर कुठे उठला ते बघून गोलापासूनचं अंतर मोजायचे आणि सगळ्यांची सरासरी काढायचे. भार्गवचे दोन बॉम्ब फारच लांब पडले होते. ते धरले तर नापास.

"कधी कधी बॉम्ब पडतो, पण धूरच होत नाही," तुम्ही सांगितलंत. "मग तो मोजत नाहीत. वहीत लिहायचं, धूर दिसला नाही. मी त्या दोन बॉम्बपुढे तेच लिहिलं."

"आणि दिसला होता?" मी विचारलं.

"स्वच्छ. आभाळात एक ढग नव्हता."

"का केलंत मग?"

"माणसं हवी होती. आणि त्याला जायचंच होतं गं. माझ्या मागे मागे फिरायचा, सर, मला इथे ठेवू नका. मला वाटलं, मी त्याच्यावर उपकार करतोय."

पोहे गार झाले होते. पास झाल्यावर भार्गवनं पेढे वाटले. लढाईत एका फेरीवरून त्यांचं विमान परत आलं नाही. का, ते कुणालाच कळलं नाही. "माझ्या त्या दोन ओळींचा काही संबंध नसेलही," तुम्ही म्हणालात. "बहुतेक नसेलच. त्याच्या आईचं पत्र आलं. मुलगा तुमचं फार कौतुक लिहायचा, असं. मी उत्तर पाठवलं नाही. काय लिहिणार होतो?"

मी तुमच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. त्याऐवजी मी काय बोलले? "म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत आणि मला सांगताय लिहू नकोस?"

"म्हणूनच सांगतोय. ज्यानं कधी लिहिलं नाही त्याला काय कळणार?"

"तुमच्या नोकरीवर घरादाराचा व्हिसा नव्हता, बाबा."

"नव्हता," तुम्ही म्हणालात. "ते खरं." आणि ताटल्या उचलून बेसिनपाशी नेल्यात. भांडणात हरल्यावर भांडी घासायची ही तुमची तऱ्हा मला तेव्हा हरल्यासारखी वाटली नव्हती, चिडवल्यासारखी वाटली होती.

त्या दोन दिवसांच्या बॅचमध्ये अकरा माणसं होती. दहाजण जुने, हात बसलेले. त्यांना दोन दिवस पुरले. अकरावा बलदेव. गोरखपूरकडचा, पंचेचाळिशीचा, गाठी मारण्यात एक नंबर. पण माल झुलायला लागला की तो थांबेपर्यंत त्याला धीर निघायचा नाही. झुलता झुलताच "नीचे, नीचे" ओरडून खाली घ्यायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तीनदा त्यानं सिमेंटचा ठोकळा कठड्यावर आपटला. त्याला अजून तीन दिवस हवे होते, म्हणजे बरोबर जेवढे कापले तेवढेच. जाताना तो माझ्या टेबलापाशी थांबला. "मैडम, फेल लिखोगी तो कल ही टिकट कटेगा." टिकट म्हणजे गावी परत रवानगी. एवढंच बोलला. हात जोडले असते, रडला असता तर कदाचित मला राग आला असता. तो नुसता उभा राहिला.

मी अकराही सर्टिफिकेटांवर सह्या केल्या.

घरी आले तर तुम्ही दार उघडायलाच उभे. "काय झालं?" आणि मी बूट काढता काढता, मान वर न करता, तुम्हाला म्हणाले, "दहा पास, एक नापास. त्याला परत शिकवणार." हे आधी ठरवलं नव्हतं. तुमचा चेहरा बघितला आणि तोंडातून निघालं.

तुम्ही "शाबास" म्हणालात. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, बाबा, तोवर तुमच्या तोंडून तो शब्द मी माझ्यासाठी कधी ऐकला नव्हता. मग स्वतः उठून चहा केलात, त्यात साखर जवळजवळ मूठभर घातलीत आणि मी तो घोट घोट गिळला. पुढचे चार दिवस तर विचारू नका. पुण्याला फोन करून सांगितलंत. मंडळाच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना थांबवून सांगितलंत. "आमच्या सूनबाईंनी सही केली नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर म्हणाली." हे बेहत्तर तर मी म्हटलंही नव्हतं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी टेबलावर सोनपापडीचा डबा दिसला. "शेजाऱ्यांनी दिला," तुम्ही म्हणालात. सोनपापडी तुमच्या आवडीची, पण तुम्ही हात लावला नाहीत. शुगर वाढली असेल म्हणून मी काही विचारलं नाही. तुमचं ते कौतुकपुराणही त्याच सुमाराला बंद झालं. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मंदीत आमच्याकडे पुढे कित्येक महिने बॅचच आली नाही, आणि आली तेव्हा कोर्स परत पाच दिवसांचा झाला होता. मिलिंदला शारजाला नोकरी लागली. गाडी रुळावर आली. पण कुठे क्रेनचा अपघात झाल्याचं कानावर आलं की मी पेपरात नाव शोधत बसायचे. बलदेव कुठल्या साइटवर आहे हे विचारायचंही धाडस मला झालं नाही.

तुम्ही मात्र दर शुक्रवारी बर दुबईच्या मंदिरात जायला लागलात. उन्हातान्हात, दोन बस बदलून. आयुष्यभर देव्हाऱ्याकडे पाठ करून पेपर वाचलेला माणूस! "म्हातारपणी देव आठवला वाटतं," मी चिडवलं. "आठवला खरा," तुम्ही म्हणालात. पुण्याहून परत आलात की पहिल्या शुक्रवारी पुन्हा सुरू. कधी प्रसाद म्हणून खडीसाखरेचा कण आणला नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आणि आता दुसरं, ज्याची माफी मागायची राहिली. गेल्या वर्षीचा तो शुक्रवार. ईशा गणित करत होती आणि मी तिच्यावर ओरडत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "तिला घाई करू नकोस गं, धीर धर जरा." झालं. माझी नोकरी, मिलिंदची शिफ्ट, ती अकरावी सही, सगळं एकदम तोंडाशी आलं आणि तुमच्या अंगावर गेलं. "सगळ्या जगाला धीर शिकवता," मी म्हणाले, "तुमच्या भार्गवच्या वेळी कुठे गेला होता धीर? तेव्हा धरला असतात तर पोरगा वाचला असता."

ईशानं पेन्सिल खाली ठेवली. तुम्ही बूट घातलेत, नाड्या नीट बांधल्यात, "येतो" म्हणालात आणि गेलात. संध्याकाळी परत आलात ते वर्तमानपत्रात गुंडाळलेला गरम खबूस, इथली भट्टीतली रोटी, घेऊन. "भट्टीतनं आत्ताच काढलाय. गरम आहे तोवर खा." मी उभ्या उभ्या खाल्ला. माफी मागायचं जिभेवर होतं, तोंडात घास होता, आणि मग तुम्ही बातम्या लावल्यात. दुसऱ्या दिवशी मागू म्हटलं. तसे किती दुसरे दिवस आले, बाबा, आणि मी सगळे घालवले.

गेल्या महिन्यात तुम्ही दुपारचे झोपलात ते उठलाच नाहीत.

तेराव्याची मंडळी पांगल्यावर, चारच्या सुमाराला, बेल वाजली. दारात बलदेव. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, बुटांच्या स्टँडपाशी अंग चोरून उभा. मी त्याला ओळखलं. वाटलं, झालं काहीतरी. कुणावर तरी माल पडला.

"मैडम, बाबूजी का आज सुना," तो म्हणाला. "दो जुम्मे राह देखी. फोन भी नहीं लगा."

मला काही कळेना. मी त्याला आत बसवलं, मिलिंदनं पाणी दिलं आणि मग त्यानं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी पास केल्याबद्दल तो माझ्यासाठी मिठाई घेऊन आला होता. ऑफिसच्या ड्रायव्हरनं आणून सोडलं. मी घरी नव्हते. दार तुम्ही उघडलंत, त्याला चहा दिलात आणि विचारलंत, "मैडम ने कितने दिन सिखाया?" "दो." "और पास किया?" "जी, उनकी मेहरबानी." मग म्हणालात, "मेहरबानी अभी आधी हुई है. बाकी तीन दिन मैं पढ़ाऊँगा. शुक्रवार को छुट्टी रहती है?" आणि त्याला बजावलंत, "मैडम को मत बताना. उस पर पूरे घर का बोझ है."

"बाबा मंदिरात नव्हते जात?" मिलिंदनं मला विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली आणि बलदेवसमोर, त्या परक्या माणसासमोर, हमसून हमसून रडले. तो बिचारा चपला शोधायला लागला. त्याला वाटलं, आपलं काही चुकलं.

बाबा, तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. दोन वर्षं तुम्ही माझ्या हातचं जेवलात, माझ्या नोट्समधल्या चुका काढल्यात, आणि एका शब्दानं बोलला नाहीत. मी भार्गववरून तुम्हाला नको ते बोलले त्या दिवशीसुद्धा तुम्ही बूट घालून गेलात ते माझंच राहिलेलं काम करायला. मला माफ करा. ते बोलायला नको होतं. ते खरंही नव्हतं आणि असतं तरी मी बोलायला नको होतं.

पण माझा रागही आहे, तो ऐकून घ्या. तुम्ही मला रागवायला हवं होतंत. कान पकडून बलदेवपुढे उभं करायला हवं होतंत. ते न करता तुम्ही माझ्या सहीपुढेही तेच लिहिलंत, धूर दिसला नाही. स्वच्छ दिसत असताना! भार्गवच्या वेळी लिहिलंत त्याबद्दल जन्मभर जळलात आणि माझ्यासाठी पुन्हा लिहिलंत. फरक एवढाच की या वेळी लिहून थांबला नाहीत, सत्तरीत उन्हात जाऊन उभे राहिलात. हे बरोबर केलंत की चूक, यावर आपलं कडाक्याचं भांडण झालं असतं. मला ते भांडण हवं होतं, बाबा. आणि खरं सांगू? मला आयुष्यात कुणी इतकं सांभाळून घेतलेलं नाही.

बलदेवला मी विचारलं, "अब तो ठीक आता है ना?" साइटवर त्याच्या हातून आजवर काही पडलं नव्हतं. हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. पण तो मान खाली घालून म्हणाला, "बाबूजी ने पास नहीं किया, मैडम. दस में दस चाहिए बोलते थे. मैं नौ तक गया हूँ." दोन वर्षं! पुण्याहून फोन करूनसुद्धा तुम्ही विचारायचात म्हणे, कितने? निघताना त्यानं दाराशी विचारलं, "अब मेरा इम्तिहान कौन लेगा?"

शुक्रवारी मी गेले. अल क्वोजमध्ये त्यांच्या कामगार-कॅम्पमागे, वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे, तुमची रेंज बघितली. दोन खांब, दोन दोर, मधोमध टांगलेलं वाळूचं पोतं आणि खाली चुन्यानं आखलेला गोल. दोर धरणारे दोघं गोलाकडे पाठ करून उभे. एकानं ओढला की पोतं डावीकडे, दुसऱ्यानं ओढला की उजवीकडे, दोघांनी सोडला की खाली. बलदेवनं नुसत्या आवाजावर ते पोतं गोलात उतरवायचं. कॅम्पातली पंधरा-वीस माणसं चहाचे कागदी कप घेऊन बघायला जमली. मी कुठे उभं राहायचं ते मला सांगण्यात आलं, कारण बाबूजी तिथेच उभे राहायचे.

बलदेव काय शांत झालाय, बाबा! पोतं झुलायचं, माणसं कुजबुजायची आणि हा थांबलेला. पोतं स्थिर झालं की मगच हळू आवाजात "नीचे." एक, दोन, पाच, आठ. नऊ. दहाव्या वेळी पोतं अगदी गोलावर आलं, थांबत आलं, आणि कॅम्पाच्या कोपऱ्यावरून वारा आला. बलदेव क्षणभर आधी "नीचे" म्हणाला. पोतं टेकलं तेव्हा त्याचा एक कोपरा चुन्याच्या रेषेबाहेर होता. जास्त नाही, चार बोटं.

मग दोर धरणाऱ्यांपैकी एकजण वळून म्हणाला, "हवा आ गई थी, मैडम." आली होतीच. मी स्वतः माझी ओढणी धरली होती. दोन वर्षं शुक्रवारची एकुलती एक सुट्टी घालवलेला माणूस, त्याच्या हातून साइटवर कधी एक वीट पडली नाही, आणि चार बोटं. पास म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. बलदेव पोत्याकडे बघत होता.

"नौ," मी म्हणाले. "फेल."

बलदेवनं पोत्याचा कोपरा पायानं गोलात सारला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. "अगले शुक्रवार, मैडम?" मी हो म्हटलं.

बाबा, मी त्याला नापास केलं.